डबी तीच

एरंडवण्यात, कालव्याच्या अलीकडे,
तळमजल्यावरच्या खोलीत
मी जुन्या कॅसेटी ऐकून लिहून काढते.
तासाला दीडशे रुपये. पंखा त्यांचा, हेडफोन माझा.

कॅसेट चौसष्ट, बाजू ब.
धोंडाबाई कडू, वेल्ह्याकडच्या, वय ‘काय ठावं’.
राक्षसाला मारता येत नाही, त्या सांगतायत,
कारण जीव त्याच्या अंगात नाहीच.
साता डोंगरांपल्याड तळं, तळ्यात खांब,
खांबावर डबी, डबीत
– इथे म्हैस हंबरते.
धोंडाबाई तिला एक सणसणीत शिवी घालतात.
मी शिवी लिहिते, पुढे कंसात: म्हशीस उद्देशून.

शेजारी तिगिस्त. गोंदारहून आलेली,
मराठी कोथरूडच्या घरमालकिणीकडून शिकलेली,
म्हणून बोलण्यात कायम थोडी भाडेवाढ.
हेडफोनचा एक कान तिला दिलेला.
‘आता भुंगा निघेल,’ ती म्हणाली.
आणि भुंगा निघाला.

‘तुला कसं कळलं?’
‘आमच्याकडे माशी असते. पण डबी तीच.’

डबी तीच.
कुणी नेली ती समुद्रापार,
मिठाच्या पोत्यांतून, घोड्यांच्या खोगिरातून?
की नेलीच नाही कुणी,
गावोगाव कुणीतरी अपरात्री उठलं,
छातीवर हात ठेवला, आणि वाटलं,
फारच उघड्यावर आहे हा,
कुठेतरी लपवायला हवा?

कपाटात पिवळी कार्डं आहेत,
प्रत्येक गोष्टीला नंबर आहे, नंबर बरोबरच असतील.
मी मात्र आपली भाषाच चाचपत बसले.
जीव मुठीत धरून पळतात माणसं.
जीव टांगणीला लागतो.
कुणाचा कुणात गुंततो, तो शेवटपर्यंत सुटत नाही.
पोर उशिरा का होईना घरी आलं
की भांड्यात पडतो.
कुठल्या भांड्यात, कधी विचारलंय कुणी?
राक्षस शिस्तीचा, एका डबीत ठेवायचा.
आपण घरभर सांडून ठेवलाय.

बाबांचा लेथमध्ये होता.
पर्वतीची इंडस्ट्रियल इस्टेट, गाळा अकरा.
घरी यायचं ते नुसतं अंग,
तेलकट, भुकेलं, रेडिओपुढे पेंगणारं.
आम्ही तिघी बहिणी.
गोष्टीत तिसरीला सगळं सापडतं;
तिसरी मी, मला पावतीसुद्धा सापडली नाही.
लेथ थोरल्या मेव्हण्यांनी विकला,
मंगळवार पेठेत, किलोच्या भावानं.
टेम्पो भरताना बाबा स्वतः दोर आवळत होते.
गाठ दोनदा ओढून पाहिली.
चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी फॉर्मवर ‘हृदय’ असं लिहिलं.
मी वाद घातला नाही.
टेम्पोवाल्याला तरी काय माहीत,
आपण राजपुत्र आहोत म्हणून.

टेपवर राजपुत्रानं भुंग्याचा एक पाय मोडला
आणि तिकडं राक्षसाचा –
खर्रर्र. बाजू ब संपली.

‘तुमच्याकडे पुढे काय होतं?’
तिगिस्तनं खांदे उडवले.
‘मारतात. पण आईला झोप आली असली
तर माशी उडून जायची.’

संध्याकाळी आम्ही वेताळ टेकडीवर गेलो.
खाली दिवे लागत होते, खाणीतलं पाणी काळं पडत होतं,
कुणीतरी कुत्र्याला इंग्रजीत रागावत होतं.
तिनं विचारलं, ‘तुझा कुठे ठेवलायस?’
मी म्हटलं, ऑफिसच्या पंख्यात.
ती हसली. थोडी वर चढलो.
पुन्हा विचारलं.
म्हटलं, एका म्हशीत, वेल्ह्याला.

दोन्हीकडच्या गोष्टींत
तो दोनदा खोटं बोलतो,
तिसऱ्यांदा बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून
खरं सांगतो, आणि मरतो.
हे तिलाही ठाऊक होतं.

उतरताना वाटेत मुरूम निसरडा होता,
तिनं माझा हात धरला.
तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.